नळीखालचा कॅमेरा

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो. बॉलपेन कागदावर नुसतं टेकवलं तर उमटेल तेवढा. फायरिंग पॉइंटवरून तो दिसतच नाही. दिसतं ते ३०.५ मिलिमीटरचं काळं वर्तुळ, आणि रायफलवरच्या पुढच्या साइटमधली (नेम धरायच्या साधनातली) रिंग त्या काळ्याभोवती सगळीकडून सारखं पांढरं ठेवून बसवायची, एवढंच आपल्या हातात असतं. पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचा. त्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की १०.०, आणि तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ वाढत वाढत १०.९ पर्यंत. पात्रता फेरीत असे ६० शॉट्स मारायचे. प्रत्येक शॉट सरासरीने पाव मिलिमीटर आत आला तर एकूण सहा गुण वाढतात, आणि सहा गुणांत राज्य स्पर्धेच्या निकालाची यादी पार बदलून जाते.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या मॉनिटरवर प्रत्येक शॉटनंतर आकडा येतो आणि ठिपका उमटतो. पेलेट कुठे गेला एवढं त्यातून कळतं. नळी तिथवर कशी आली, तिथे किती वेळ टिकली, ट्रिगर सुटताना कुठल्या दिशेला निघाली होती, आणि शॉट सुटून गेल्यावर मी रायफलचं काय केलं, हे मॉनिटर सांगू शकत नाही. ते सांगणारा कॅमेरा नळीखाली लावतात. त्याच्यासोबत केलेल्या सरावाने माझी नेमबाजी मुळापासून बदलली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे एखादी मुलगी रायफलची लांबलचक पेटी घेऊन बसमध्ये चढली तर कुणी फारसं वळून बघत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ऑलिम्पिक कांस्य मिळवलं. त्यामुळे घरचे आडवे येत नाहीत, पण साहित्याचा खर्च मात्र प्रत्येकाला घाम फोडतो. रायफल, जॅकेट, ट्राउझर, बूट, पेलेट, आणि वर हा लाखाच्या पुढे जाणारा कॅमेरा. आमच्या रेंजवर तो पालकांनी वर्गणी काढून आणला. स्कॅट या रशियन कंपनीचा. एकच नग, आणि तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

कॅमेरा म्हटल्यावर लोकांना व्हिडिओ आठवतो. हा व्हिडिओ काढण्यासाठी नसतो. त्याला समोरचं काळं वर्तुळ दिसतं, आणि ते त्याच्या नजरेत कुठे सरकतंय यावरून नळीचा रोख कुठे आहे हे संगणक सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो. त्या सगळ्या मोजमापांची एक अखंड रेघ पडद्यावरच्या लक्ष्यावर उमटत जाते. शॉट सुटल्याचं त्याला आवाजावरून आणि रायफलला बसलेल्या हादऱ्यावरून कळतं.

लावताना मात्र घाई चालत नाही. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी अर्धा सराव नुसता लावण्यात घालवला. रायफलच्या पुढच्या भागात, हवेच्या सिलिंडरला क्लॅम्पने तो पक्का बसवायचा. क्लॅम्प केसभर जरी हलला तरी पडद्यावरची रेघ खोटी होते, आणि खोटी रेघ बघून सराव करण्यापेक्षा न बघितलेली बरी. कॅमेऱ्याचं वजन फार नसतं, पण ते नळीच्या टोकाकडे असतं. आमच्या रायफलींचा तोल आम्ही छोटी छोटी वजनं पुढेमागे करून महिनोन् महिने जुळवलेला असतो, त्यामुळे पुढचं एक वजन काढून तेवढी भरपाई केली. मग वायर. ती लोंबकळली तर रायफल एका बाजूला ओढते. म्हणून ती स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) दोन ठिकाणी चिकटपट्टीने धरायची, मध्ये सैल वळण ठेवायचं आणि टेबलावर आणून सोडायची. लक्ष्यावरचा उजेडही सारखा हवा. आमच्या एका लेनवर ट्यूबलाइट फडफडत होती, तिथे रेघ मध्येच तुटायची. ट्यूब बदलल्यावर ती नीट यायला लागली.

यानंतर कॅमेऱ्याची आणि साइटची ओळख करून द्यायची. कॅमेरा नळीखाली, माझा डोळा नळीच्या वर डायोप्टरमागे, म्हणजे बारीक छिद्राच्या मागच्या साइटमागे. दोघांचं बघणं वेगळं. काही शॉट्स मारायचे, ते प्रत्यक्षात कुठे लागले ते संगणकाला दाखवायचं, म्हणजे तो आपलं केंद्र त्याप्रमाणे सरकवून घेतो. यापुढचं सगळं वाचन या एका जुळवणीवर उभं असतं, म्हणून आमच्याकडे दर सत्राला ती नव्याने करतात.

रेघेला चार रंग असतात. नळी वरून खाली उतरत लक्ष्यावर येते तो भाग हिरवा. शॉटच्या आधीचा शेवटचा सेकंद पिवळा. त्यातले अगदी शेवटचे ०.२ सेकंद निळे. शॉट सुटल्यानंतरचा भाग लाल. चार रंग ओळखायला पाच मिनिटं पुरतात. ते वाचायला मला जवळजवळ एक पूर्ण हंगाम लागला, आणि तोही सरांच्या शेजारी बसून.

पहिल्यांदा स्वतःची रेघ बघितली की धक्काच बसतो. आपण रायफल स्थिर धरतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती एका क्षणालाही स्थिर नसते. श्वासाबरोबर वरखाली होते, शरीराच्या झोक्याबरोबर डावीउजवीकडे जाते, आणि या दोन्हींत भर म्हणून बारीक थरथर असतेच. मी मॉनिटरवर १०.५, १०.३, १०.६ बघून खुशीत असायची, आणि इथे पडद्यावर पिवळ्या रेघेचा गुंता नऊच्या रिंगबाहेर जाऊन परत येत होता. सर म्हणाले, "घाबरू नकोस. जगज्जेत्याची पण हलते. किती हलते आणि तू त्यातलं काय उचलतेस, एवढंच बघायचंय."

मग त्यांनी दोन शॉट्स शेजारीशेजारी लावले. एक १०.७, एक ९.९. मॉनिटरवर बघितलं असतं तर पहिल्याला शाबासकी आणि दुसऱ्याला विसरून जा, असंच झालं असतं. पण १०.७ ची पिवळी रेघ उजवीकडून डावीकडे लक्ष्य ओलांडत निघाली होती, आणि निळा भाग एका सरळ फटकाऱ्यासारखा दहामधून आरपार गेला होता. पेलेट नेमका मधोमध असताना सुटला. ९.९ च्या शॉटमध्ये पिवळी रेघ जवळजवळ पूर्ण सेकंदभर दहाच्या आत गोळा झालेली होती. फक्त शेवटच्या निळ्या तुकड्यात ती खाली घसरली.

"हा १०.७ कुणाचा?" सरांनी विचारलं.

"माझा."

"तुझा नव्हे. तो तुला वाटेत गावला. हा ९.९ तुझा आहे. ह्याला दुरुस्त करता येतंय."

मला वाटतं, कॅमेऱ्याचं खरं काम या दोन वाक्यांत आलं. गुण आणि शॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसत्या गुणांवर सराव करणारा नेमबाज नशिबाने लागलेल्या दहाला बक्षीस देत राहतो. शरीर तेच शिकतं. पुढे स्पर्धेत नशीब पाठ फिरवतं तेव्हा काय बिघडलं हेच त्याला कळत नाही, कारण सरावातही बिघडलेलंच होतं, फक्त आकडा चांगला येत होता.

निळ्या तुकड्यावर आम्ही सगळ्यात जास्त दिवस घालवले. माझी अडचण तिथेच होती, आणि मी बघितलेल्या बहुतेक मुलामुलींची तिथेच असते. रिंगमध्ये काळं मधोमध बसलेलं दिसलं की मेंदू "आता!" म्हणतो आणि बोट दाबतं. पण डोळ्याने बघितल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. नळीचा रोख लक्ष्यावर सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने फिरत असेल तर तेवढ्या वेळात तो ४ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. दहाची हद्द तर मध्यापासून अडीच मिलिमीटरवरच संपते. म्हणजे दहा बघून दाबलेला ट्रिगर, दहा निघून गेल्यावर सुटतो. सॉफ्टवेअरमध्ये याची एक फार बोलकी आकृती निघते. सगळे शॉट्स थोडे आधी सुटले असते तर सरासरी किती आली असती आणि थोडे नंतर सुटले असते तर किती, असा आलेख. माझ्या आलेखाचा उंचवटा शॉटच्या क्षणाच्या डावीकडे होता. माझा सगळ्यात चांगला क्षण दर वेळी होऊन गेलेला असायचा आणि मी त्याच्या मागून पोचत होते.

यावर उपाय म्हणजे आणखी लवकर दाबणं, असं वाटेल. तसं केलं की रेघेला नवीन झटका बसतो, कारण घाईने दाबलेला ट्रिगर रायफलला ढकलतो. सरांनी उलटा रस्ता धरला. ट्रिगरचा पहिला टप्पा नळी काळ्यावर उतरतानाच घ्यायचा, आणि दुसऱ्या टप्प्यावरचा दाब होल्ड (लक्ष्यावर धरून ठेवलेली रायफल) स्थिरावत असतानाच सावकाश वाढवत न्यायचा. चित्र सुंदर दिसलं म्हणून दाब वाढवायचा नाही आणि चित्र जरा बिघडलं म्हणून थांबवायचाही नाही. फार बिघडलं तर रायफल खाली. शॉट सुटण्याचा क्षण मी ठरवायचा नाही, तो दाबातून आपसूक आला पाहिजे. हे लिहायला सोपं आहे. काही आठवडे माझे गुण चक्क पडले. कारण वाटेत दहा उचलायची जुनी सवय मोडत होती आणि नवी अजून बसली नव्हती. त्या काळात कॅमेरा नसता तर मी नक्की परत जुन्या पद्धतीवर गेले असते. पण पडद्यावर दिसत होतं की निळी रेघ आखूड होते आहे. आकडा खाली आणि रेघ सुधारलेली, असं दोन्ही एकाच वेळी डोळ्यांनी बघितल्यामुळे धीर टिकला.

आखूड निळी रेघ म्हणजे शेवटच्या ०.२ सेकंदात नळी कमी अंतर फिरली, म्हणजे तिचा वेग कमी होता. सॉफ्टवेअर हा वेग आकड्यात देतं. असे बरेच आकडे देतं, आणि सगळे बघत बसलं तर डोकं फिरेल. आम्ही दोनच धरले होते. एक, शेवटच्या सेकंदातला किती टक्के वेळ रोख दहाच्या आत होता. दुसरा, रोखाचा मध्य लक्ष्यावर कुठेही असो, त्या मध्याभोवती दहाएवढंच वर्तुळ काढलं तर किती टक्के वेळ त्याच्या आत होता. पहिला आकडा अचूकपणाचा, दुसरा निव्वळ स्थिरतेचा. एका सत्रात माझा दुसरा आकडा झकास आणि पहिला खूप कमी आला. मी होल्डवर आणखी मेहनत घ्यायच्या तयारीत होते. सर म्हणाले, होल्डला हात लावू नकोस, तो ठीक आहे. तुझं शरीर दुसरीकडे बघतंय. डोळे मिटायला सांगितले, रायफल खांद्याला लावून श्वास सोडायला सांगितलं, मग डोळे उघडले तर रिंग काळ्याच्या उजवीकडे. पावलं किंचित फिरवून परत तेच केलं. तिसऱ्या वेळी डोळे उघडले तेव्हा काळं मधोमध होतं. त्याआधी मी प्रत्येक शॉटला स्नायूंनी रायफल डावीकडे ओढून धरत होते, आणि सुटताना स्नायू सैल पडला की ती उजवीकडे परत जात होती. दोन आकड्यांतली तफावत बघितली नसती तर हे कळायला किती दिवस गेले असते कोण जाणे.

वेळेबद्दलही कॅमेऱ्याने डोळे उघडले. प्रत्येक शॉटला रायफल लक्ष्यावर आल्यापासून किती सेकंद लागले ते तो नोंदवतो. माझे चांगले शॉट्स पाच ते आठ सेकंदांत सुटलेले होते. दहा सेकंदांच्या पुढे गेलेले शॉट्स क्वचितच चांगले होते, आणि पिवळी रेघ बघितली तर कारण समोरच दिसायचं: सातव्या-आठव्या सेकंदापर्यंत ती आवळत जाते, मग पुन्हा पसरायला लागते. श्वास धरलेला असतो, डोळा एकाच चित्रावर खिळून थकतो, आणि थकलेल्या डोळ्याला काळं मधोमध नसतानाही मधोमध दिसत राहतं. म्हणून एक सत्र असं केलं की सर गुण लिहीत नव्हते, मी किती वेळा रायफल खाली घेतली एवढंच लिहीत होते. लांबलेला होल्ड सोडून द्यायला मोठं मन लागतं. इतका वेळ धरलंय तर मारून टाकू, ही ओढ भयंकर असते.

आता लाल रेघ. शॉट सुटल्यानंतरचं कशाला बघायचं, पेलेट तर गेला, असं मलाही वाटायचं. पेलेटचा वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे लक्ष्यापर्यंत जायला त्याला सेकंदाचा सतरावा हिस्सासुद्धा पुरतो. पण ट्रिगर सुटल्यापासून पेलेट नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंतचे काही मिलिसेकंद असे असतात की त्यात नळी हलली तर पेलेट तिच्याबरोबर जातो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शॉट सुटल्यावर रायफल लगेच सोडायची सवय असेल तर शरीर शॉट सुटायच्या थोडं आधीच सैल व्हायला लागतं. लाल रेघ म्हणून निळ्या रेघेची साक्षीदार आहे. माझी लाल रेघ दर वेळी खाली डावीकडे पळायची, कारण मला मॉनिटर बघायची घाई असायची. मॉनिटरवर कापड टाकलं. चार-पाच सत्रांत लाल रेघ दहाभोवती थांबायला लागली, आणि गंमत म्हणजे निळीचं ते खाली घसरणंही कमी झालं.

माझी एक मैत्रीण ट्रॅप (उडत्या चकत्यांवर शॉटगनने नेमबाजी) खेळते, दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर सरावाला जाते. तिच्या शॉटगनच्या नळीखालीही कॅमेरा असतो, पण तो खरंच चित्रण करतो. बंदुकीचा धक्का बसला की आधीचे आणि नंतरचे काही क्षण आपोआप साठवले जातात, आणि नंतर ते संथ गतीने बघायचे. ११० मिलिमीटरची चकती दूर उडत जात असते, आणि तिचा सगळा खेळ सेकंदाच्या आत संपतो, त्यामुळे तिथे आठवणीवर विसंबणं शक्यच नाही. तिने मला तिच्या चुकलेल्या शॉट्सचं चित्रण दाखवलं. चकतीच्या मागून नळी छान येते, तिला गाठते, आणि ट्रिगर दाबताना जागच्या जागी थांबते. चकती पुढे निघून जाते, छर्रे मागे. माझ्या खेळात नळी थांबली पाहिजे आणि तिच्या खेळात ती फिरत राहिली पाहिजे, पण दोघींचा दोष एकच होता. ट्रिगर दाबला म्हणजे काम झालं, असं आमच्या दोघींच्या शरीराने धरून ठेवलं होतं. आम्ही त्या रात्री फोनवर तासभर याच्यावर बोलत बसलो होतो.

मध्ये एक काळ असा आला की कॅमेरा आणि टार्गेट यांचं पटेना. रेघेवरून संगणक म्हणायचा १०.४ आणि टार्गेट दाखवायचं ९.८. पुढच्या शॉटला उलट. मला वाटलं कॅमेरा बिघडला. सरांनी कागदावर दोघांची जागा शेजारीशेजारी काढायला लावली. सगळे शॉट्स एकाच बाजूला सरकलेले असते तर क्लॅम्प सैल किंवा साइट हललेली, असा अर्थ निघाला असता. पण इथे फरक चारी दिशांना विखुरलेला होता. म्हणजे दोष माझ्या होल्डमध्ये नव्हता आणि जुळवणीतही नव्हता. नळीतून बाहेर पडल्यावर पेलेटच कुठेही जात होता. रायफल शिकंज्यात आवळून त्याच डब्यातले पेलेट मारून बघितले तर छिद्रांचा झुपका नेहमीपेक्षा चांगलाच मोठा. दुसऱ्या लॉटचा डबा घेतल्यावर तो आवळला. कॅमेरा नसता तर मी तो सगळा काळ स्वतःचा होल्ड दुरुस्त करण्यात घालवला असता, आणि धड असलेली गोष्ट बिघडवून ठेवली असती.

घरी ड्राय फायरिंगलाही, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावालाही, हा कॅमेरा चालतो. आमच्या हॉलमध्ये दहा मीटर जागा नाही, म्हणून पाच मीटरवर अर्ध्या आकाराचं लक्ष्य छापून भिंतीला लावायचं आणि संगणकाला अंतर सांगायचं. पेलेट नाही, पण जॅकेट, बूट, सगळा पोशाख अंगावर चढवूनच. शेजाऱ्यांना त्रास नाही, खर्च नाही. माझ्या मते ट्रिगरचं काम खरं तर इथेच होतं, रेंजवर फक्त तपासलं जातं.

पण हाच कॅमेरा नुकसानही करू शकतो, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. आमच्याकडचा एक धाकटा मुलगा पडद्यावर लक्ष ठेवून रायफल धरायला लागला. रेघ गोळा झाली की मारायचं. म्हणजे साइटमध्ये बघायचं सोडून त्याने पडदा हीच साइट करून टाकली. सरांनी त्या दिवसापासून पडदा नेमबाजाकडे पाठ करून ठेवायचा नियम केला, आणि ज्यांची पोझिशन अजून बसलेली नाही अशा नवशिक्यांना कॅमेरा द्यायचाच नाही असं ठरवलं. नवशिक्याची रेघ कशीही असली तरी त्यातून निघणारा सल्ला एकच असतो, पोझिशन नीट कर, आणि त्यासाठी एक लाखाचं यंत्र लागत नाही.

आमचं सत्र मग असं व्हायचं. पडदा सरांकडे, मॉनिटरवर कापड, माझ्याजवळ वही. शॉट मारायचा, लाल रेघेपुरतं थांबायचं, रायफल स्टँडवर टेकवायची आणि वहीत लिहायचं: कुठे गेला असं वाटलं, आणि सुटताना काय जाणवलं. "दहा, साडेचारला, ट्रिगर सावकाश." "नऊ, उजवीकडे, घाई." साडेचार म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरची दिशा. याला आम्ही शॉट कॉल करणं म्हणतो. दहा शॉट्स झाले की वही आणि रेघा समोरासमोर. सुरुवातीला माझी वही आणि पडदा दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके लांब होते. मी "स्वच्छ" लिहिलेल्या शॉटची निळी रेघ लांबच लांब, आणि "ओढला" लिहिलेला शॉट मुळीच ओढलेला नसायचा. मग हळूहळू वही जवळ यायला लागली. आधी दिशा जुळायला लागली, नंतर किती लांब तेही, आणि सगळ्यात शेवटी ट्रिगरबद्दल मी जे लिहायची ते. सर शॉटच्या आकड्यावर कधी खूश झालेले मला आठवत नाहीत. पण एका सत्रात मी आठव्या शॉटला लिहिलं होतं, "नेम ठीक, पण उजवा खांदा उचलला," आणि पडद्यावर शेवटची निळी रेघ वर सरकलेली निघाली, तेव्हा त्यांनी वही हातात घेऊन मागे बसलेल्या पालकांना दाखवली होती.

स्पर्धेत हा कॅमेरा काढून ठेवावा लागतो. तिथे रायफलवर असलं काही चालत नाही. म्हणून स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तो काढतो, पुढचं वजन परत बसवतो आणि तोल पुन्हा अंगवळणी पडू देतो. त्या आठवड्यात फक्त वही. स्पर्धा झाल्यावर लगेच एक सत्र कॅमेऱ्यासह, कारण ताणाखाली जुनी सवय परत डोकं वर काढते आणि ती ताजी असतानाच दिसते. माझ्या बाबतीत दर वेळी तेच निघतं: आलेखाचा उंचवटा किंचित डावीकडे सरकलेला. मग दोन दिवस ड्राय, आणि तो जागेवर येतो.

सध्या मी ५० मीटर थ्री पोझिशन सुरू केलं आहे. नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग, प्रत्येकी २० शॉट्स, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. कॅमेरा तोच, रेघा मात्र अगदी निराळ्या. प्रोनमध्ये स्लिंग (रायफलला जोडलेला पट्टा) दंडाला आवळलेला असतो, शरीराचा झोका जवळजवळ नाहीच, आणि पिवळ्या रेघेत एकसारख्या अंतराने छोट्या उड्या दिसतात. आधी वाटलं क्लॅम्प सैल आहे. सरांनी मनगट धरून नाडी मोजली. उड्या तिच्याच ठेक्यावर होत्या. स्लिंग दंडावर थोडा वर सरकवला, पट्टा एक भोक सैल केला, जॅकेटखालचा जाड स्वेटर बदलला. उड्या अर्ध्यावर आल्या आहेत. पुढच्या आठवड्यात हँडस्टॉप (पुढचा हात जिथे अडतो तो रायफलवरचा तुकडा) एक खूण पुढे घेऊन बघायचं ठरलं आहे.